ग्रीन वर्डिमन ब्लॅक

ग्रीन वर्डिमन ब्लॅक (३ ऑगस्ट १८३६ – ३१ ऑगस्ट १९१५) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक, ग्रंथकार व अध्यापक होते. जी. व्ही. ब्लॅक या नावाने ते अधिक परिचित आहेत. किडलेल्या दातांतील पोकळ्यांचे वर्गीकरण, पोकळी कोरण्याची शास्त्रीय रीत, दात भरण्याच्या चांदी-कथिलाच्या मिश्रधातूचे प्रमाण आणि हत्यारांना क्रमांक देण्याची पद्धत ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. अमेरिकेत त्यांना आधुनिक दंतवैद्यकाच्या जनकांपैकी एक मानतात. दंतवैद्यकाच्या कोणत्याही महाविद्यालयात ते विद्यार्थी म्हणून गेले नव्हते. त्यांना मिळालेले रीतसर शिक्षण एका गावातील दंतवैद्याकडे केलेल्या काही महिन्यांच्या उमेदवारीपुरते होते. पुढे मात्र या व्यवसायात शिक्षण व परीक्षा अनिवार्य करणाऱ्यांमध्ये ते अग्रभागी राहिले.

== बालपण व उमेदवारी ==

ब्लॅक यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळच्या एका शेतावर झाला. वडिलांचे नाव विल्यम व आईचे नाव मेरी. ते लहान असतानाच कुटुंब त्याच राज्यातील व्हर्जिनिया नावाच्या गावाजवळ राहावयास गेले. शाळेत या मुलाचे मन रमले नाही. त्यांचे एकूण शालेय शिक्षण दोन वर्षांहूनही कमी भरते. रान, ओढे, पक्षी व प्राणी यांच्या निरीक्षणात त्यांचा दिवस जाई. न कंटाळता एखादी वस्तू तासन् तास पाहण्याची ही सवय पुढे सूक्ष्मदर्शकापाशी त्यांच्या उपयोगी पडली.

सतराव्या वर्षी ते थोरले बंधू डॉ. थॉमस ब्लॅक यांच्याकडे क्लेटन येथे गेले. थॉमस वैद्यकीचा व्यवसाय करीत. त्यांच्या हाताखाली ग्रीन यांनी औषधे, शरीररचना व रोग्यांची शुश्रूषा यांचे प्राथमिक ज्ञान मिळविले. १८५७ मध्ये माउंट स्टर्लिंग येथील दंतवैद्य जे. सी. स्पीअर यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली आणि त्याच वर्षी विंचेस्टर येथे स्वतःचा दवाखाना उघडला. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

ही वाटचाल आज विलक्षण वाटते. त्या काळी ती अगदी सामान्य होती. जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय १८४० मध्ये बॉल्टिमोर येथे निघाले होते. पण बहुसंख्य दंतवैद्य उमेदवारीतूनच तयार होत. गुरूला जेवढे येई तेवढेच शिष्याला मिळे. गुरूचे हात कुशल असले तर शिष्याचे नशीब. ते तसे नसले तर गुरूच्या चुका रीत म्हणून शिष्याच्या हाती येत. अमुक एक गोष्ट अशीच का करावयाची, असे विचारण्याची प्रथा नव्हती. परवाना लागत नसे आणि परीक्षाही नसे.

== यादवी युद्ध व जॅक्सनव्हिल ==

अमेरिकेतील यादवी युद्धात ब्लॅक इलिनॉयच्या पायदळाच्या १२९ व्या पलटणीत दाखल झाले व टेहळणीच्या कामावर होते. गुडघ्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना लुइव्हिल येथील रुग्णालयात राहावे लागले आणि नंतर सैन्यातून मुक्त करण्यात आले. पहिल्या पत्नीचे निधनही युद्धकाळातच झाले. १८६४ मध्ये ते जॅक्सनव्हिल येथे आले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एलिझाबेथ अ‍ॅकर्स डेव्हनपोर्ट यांच्याशी विवाह केला.

जॅक्सनव्हिलमधील तीन दशके हीच ब्लॅक यांची खरी विद्यार्थिदशा होय. दिवसा रोगी व रात्री अभ्यास असा त्यांचा क्रम होता. रसायनशास्त्र, धातुशास्त्र, ऊतींची सूक्ष्म रचना हे विषय त्यांनी ग्रंथ व प्रयोग यांच्या आधारे आत्मसात केले. युरोपातील नवे संशोधन मुळातून वाचता यावे म्हणून ते जर्मन भाषा शिकले. दातांचे पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. बाजारात न मिळणारी हत्यारे ते स्वतः घडवीत. पायाने चालविण्याचे दात कोरण्याचे यंत्रही त्यांनी स्वतःच्या उपयोगासाठी तयार केले होते. अशा यंत्राचा सार्वत्रिक प्रसार मात्र जेम्स मॉरिसन यांनी १८७१ मध्ये घेतलेल्या एकस्वानंतर झाला.

याच काळात ते इलिनॉय राज्य दंतवैद्य संघाच्या कामात पडले. संघाच्या बैठकांत निबंध वाचले जात व त्यांवर चर्चा होई. दवाखान्यात एकटा काम करणारा माणूस आपल्याच चुका वर्षानुवर्षे गिरवीत राहतो आणि त्या दाखविण्यास कोणी नसते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. व्यावसायिकाला आयुष्यभर विद्यार्थी राहण्यावाचून गत्यंतर नाही. अन्यथा राहण्याचा त्याला अधिकारच नाही, या आशयाचे त्यांचे मत आजही दंतवैद्यकाच्या निरंतर शिक्षणाविषयी बोलताना आवर्जून सांगितले जाते.

== परवाना मंडळ व अध्यापन ==

१८८१ मध्ये इलिनॉय राज्यात दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यान्वये स्थापन झालेल्या पहिल्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद ब्लॅक यांच्याकडे आले. ज्या दरवाजातून ते स्वतः व्यवसायात शिरले, तोच आता त्यांच्या देखरेखीखाली बंद होऊ लागला. यात विसंगती पाहणे सोपे आहे. परंतु त्या दरवाजातून आपल्याबरोबर आणखी कोण कोण आत आले आणि त्याची किंमत रोग्यांनी कशी मोजली, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेली माणसे थोडीच होती.

सेंट लुई येथील मिसुरी दंत महाविद्यालयात ते १८७० ते १८८० या काळात व्याख्याने देत. १८८३ पासून त्यांनी शिकागो येथील दंत शस्त्रक्रिया महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकविले. त्यानंतर काही काळ ते आयोवा विद्यापीठात होते. १८९१ मध्ये ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाखेत आले. १८९७ मध्ये तेथील अधिष्ठातापद त्यांच्याकडे आले व मृत्यूपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. दंतवैद्यक व वैद्यक या दोन्ही विषयांतील पदव्या त्यांना मिळाल्या, पण त्या सन्मानार्थ दिलेल्या होत्या.

सूक्ष्मजीवांकडून होणाऱ्या विषनिर्मितीवरील त्यांचे पुस्तक १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्यास तेव्हा दोनच वर्षे झाली होती. इलिनॉयमधील एका लहान गावातला दंतवैद्य या नव्या शास्त्राच्या किती जवळून चालला होता, ते यावरून दिसते. मानवी दातांच्या वर्णनात्मक रचनेवरील त्यांच्या ग्रंथाने प्रत्येक दाताच्या प्रत्येक पृष्ठाला, कडेला व कोपऱ्याला निश्चित नाव दिले. तोपर्यंत एकाच भागाला निरनिराळे लोक निरनिराळ्या नावांनी ओळखत. त्यामुळे एका गावचा दंतवैद्य दुसऱ्या गावच्या दंतवैद्याला आपले काम पत्राने नीट कळवूही शकत नसे. नावे ठरविणे हे वरवर नीरस काम वाटते. पण शिक्षणाचा पाया तेथेच घातला जातो.

हत्यारांच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. पूर्वी हत्याराला ते बनविणाऱ्याचे नाव असे. ब्लॅक यांनी पात्याची रुंदी, लांबी व दांड्याशी होणारा कोन हे क्रमाने आकड्यांत लिहिण्याची पद्धत सुरू केली. आकडे पाहताच हत्यार कोणते ते समजावे आणि ते कोठेही तसेच घडविता यावे, हा तिचा हेतू होता.

== मऊ दात व कठीण दात ==

एकोणिसाव्या शतकात दात किडण्याचे एक सोपे कारण सांगितले जाई. ज्यांचे दात मऊ, त्यांचे किडतात; ज्यांचे कठीण, त्यांचे टिकतात. ही समजूत रोग्यांइतकीच दंतवैद्यांतही रूढ होती. भरलेला दात पुन्हा किडला की दोष रोग्याच्या दाताला देता येई आणि दंतवैद्य मोकळा होई.

ब्लॅक यांनी ही समजूत तपासण्याचे ठरविले. काढलेले असंख्य दात त्यांनी तोलले, त्यांतील चुनखडीयुक्त द्रव्याचे प्रमाण मोजले आणि त्यांना चिरडण्यास किती जोर लागतो ते पाहिले. चावताना जबडा किती दाब देतो ते मोजण्यासाठीही त्यांनी एक उपकरण तयार केले. १८९५ मध्ये डेंटल कॉसमॉस या मासिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. किडणाऱ्या व न किडणाऱ्या दातांच्या घडणीत कीड लागण्याचा उलगडा करील असा फरक आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. किडीचे कारण दाताच्या भोवती, तोंडातील परिस्थितीत शोधले पाहिजे. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन संशोधक डब्ल्यू. डी. मिलर यांनी तोंडातील जंतू अन्नापासून आम्ल तयार करतात हे याआधीच दाखविले होते. ब्लॅक यांनी दाताच्या पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या जंतूंच्या बुळबुळीत थराकडे लक्ष वेधले.

या निष्कर्षाचा सर्वांत मोठा फटका व्यवसायालाच बसला. दोष दाताचा नसेल, तर भरलेला दात पुन्हा का किडतो? ब्लॅक यांनी पुढचा संशय भरणाऱ्यावर व भरण्याच्या द्रव्यावर घेतला.

== चांदी भरणे ==

मराठीत दातात चांदी भरणे असे ज्याला म्हणतात, ती भर म्हणजे निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथिल इत्यादींच्या मिश्रधातूचा कीस पाऱ्यात कालवून केलेले ते पारदमिश्रण असते. अमेरिकेत ते १८३० च्या दशकात आले आणि त्यावरून दंतवैद्यांत तीव्र वाद माजला. अमेरिकन दंतशल्यचिकित्सक संघाने आपल्या सभासदांकडून ते न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेतली. या भांडणात त्या संघाचाच अंत झाला. पारदमिश्रण स्वस्त होते व भरण्यास सोपे होते, म्हणून त्याचा वापर चालूच राहिला. मात्र ते भरवशाचे नव्हते. भरल्यानंतर ते कधी आकसे, कधी फुगे. आकसले की कडेला फट पडे आणि त्या फटीतून कीड पुन्हा आत शिरे.

दोन्ही बाजूंनी आवेशाने भांडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हे आकसणे व फुगणे काटेकोरपणे मोजले होते. ब्लॅक यांनी ते अत्यंत सूक्ष्म मापकाने मोजले. मिश्रधातूत चांदी अधिक असल्यास भर फुगते, कथिल अधिक असल्यास आकसते, असे त्यांना आढळले. तरीही एक कोडे उरले. एकाच प्रमाणात केलेल्या मिश्रधातूचे निकाल निरनिराळ्या वेळी निरनिराळे येत. ताजा कीस आणि काही दिवस ठेवलेला कीस सारखे वागत नाहीत, हे त्याचे कारण निघाले. कीस सौम्य उष्णतेत ठेवून त्याला कृत्रिम रीतीने मुरविता येते, हेही त्यांनी दाखविले. लोणच्याप्रमाणे धातूच्या किसालाही मुरावे लागते, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

या प्रयोगांतून चांदी सुमारे दोन तृतीयांश, कथिल साधारण एक चतुर्थांश व थोडे तांबे आणि जस्त अशा प्रकारचे समतोल प्रमाण पुढे आले. १८९६ मध्ये त्यांनी आपल्या मोजमापांसह हे सारे संशोधन मासिकातून सर्वांसाठी खुले केले. त्यावर आधारलेले मिश्रधातू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थोड्याफार फरकाने वापरात होते.

== पोकळ्यांचे वर्ग ==

दोन खंडांतील त्यांचा दंतोपचारावरील ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. किडीमुळे होणाऱ्या पोकळ्यांचे त्यांनी जागेनुसार पाच वर्ग केले. दाढांच्या चावण्याच्या पृष्ठावरील खाचखळग्यांत होणारी कीड मुख्यत्वे पहिल्या वर्गात येते. दाढा व उपदाढा यांच्या एकमेकींना लागलेल्या बाजूंवरील कीड दुसऱ्या वर्गात, पटाशीचे दात व सुळे यांच्या अशाच बाजूंवरील कीड तिसऱ्या वर्गात, आणि तिच्यात दाताचा कोपराही गेला असल्यास चौथ्या वर्गात मोडते. हिरडीलगतच्या भागातील कीड हा पाचवा वर्ग. सहावा वर्ग नंतरच्या अभ्यासकांनी जोडला. वर्ग कळला की पोकळीचा आकार कसा ठेवावयाचा, कोणती हत्यारे घ्यावयाची, भर कशी टिकवावयाची हे क्रमाने ठरत जाते. म्हणून हे वर्गीकरण नुसते पाठांतराचे नाही, जरी बहुतेक विद्यार्थी ते प्रथम परीक्षेपुरते पाठच करतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांपासून जगभरच्या अनेक दंतशाळांत ते आजही शिकविले जाते.

या पद्धतीतील एक तत्त्व पुढे वादग्रस्त ठरले. पोकळी केवळ किडलेल्या भागापुरती न कोरता तिच्या कडा दाताच्या सहज स्वच्छ राहणाऱ्या भागापर्यंत न्याव्यात, म्हणजे कडेला पुन्हा कीड लागणार नाही, असे ब्लॅक यांचे म्हणणे होते. त्यासाठी दाताचा निरोगी भागही कोरावा लागे. दात घासण्याच्या सवयी बेताच्या होत्या, फ्लोराइडचा उपयोग माहीत नव्हता आणि भर दाताला चिकटत नसे. त्या परिस्थितीत हा सल्ला योग्यच होता.

== अभ्यासमंडळे ==

महाविद्यालयात शिकलेल्या मुलांपेक्षाही, आधीच व्यवसायात असलेल्या दंतवैद्यांचा प्रश्न अवघड होता. त्यांना कोणी परत वर्गात बसवू शकत नव्हते. त्यावर अभ्यासमंडळांचा तोडगा निघाला. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे एडमंड वेडेलस्टेट यांच्या पुढाकाराने १८९० च्या दशकात ब्लॅक यांच्या नावाचे मंडळ सुरू झाले. अशा मंडळांत सभासद व्याख्याने ऐकत तसेच एकमेकांसमोर प्रत्यक्ष रोग्याच्या दातावर काम करीत. पोकळी कोरून झाली की इतर जण ती तपासत आणि दोष तोंडावर सांगत. वीस-वीस वर्षे व्यवसाय केलेल्या माणसाने आपले काम शेजारच्या गावातील प्रतिस्पर्ध्यापुढे तपासणीसाठी ठेवणे, ही सोपी गोष्ट नव्हती. रोगी व फी यांपेक्षा अब्रूचा प्रश्न मोठा होता. तरीही ही मंडळे वाढत गेली व अमेरिकेच्या अन्य भागांत पसरली. दंतवैद्यांसाठी नोंदणीनंतरचे निरंतर शिक्षण आज अनेक देशांत नियमाने बांधलेले आहे, भारतीय दंत परिषदेनेही त्याविषयी नियम केलेले आहेत. पण त्याची सुरुवात अशा स्वखुशीच्या बैठकांतून झाली.

== कोलोरॅडोचे डाग ==

कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग व पांढरट ठिपके दिसत होते. कोणत्याही पुस्तकात त्यांचा उल्लेख नव्हता. मॅके यांनी ब्लॅक यांना लिहिले. एवढी ठळक विकृती आजवर ग्रंथांत नोंदली गेली नाही, यावर ब्लॅक यांचा प्रथम विश्वास बसेना. एखाद्या ज्येष्ठ पंडिताने पत्र तेथेच बाजूला ठेवले असते. ब्लॅक यांनी दात मागवून त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०९ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते स्वतः कोलोरॅडोला गेले. त्या भागात जन्मलेल्या मुलांपैकी ८७.५ टक्के मुलांच्या दातांवर डाग असल्याचे तोवर मॅके यांच्या पाहणीत दिसून आले होते.

पुढील सहा वर्षे ब्लॅक या प्रश्नावर काम करीत राहिले. दंतवल्क, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, हिरडीखाली तयार होत असतानाच हा दोष निर्माण होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून दात पुरते घडल्यावर तेथे राहावयास आलेल्यांना तो होत नसे. दंतवल्क सदोष असूनही हे दात फारसे किडत नाहीत, हे आणखी एक आश्चर्य होते. मऊ दात किडतात हा जुना समज पुन्हा एकदा खोटा ठरत होता. कारण मात्र त्यांच्या हयातीत सापडले नाही. मॅके यांच्याबरोबर केलेले हे संशोधन त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३१ मध्ये रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे जादा प्रमाण आढळले आणि कोडे उलगडले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादी जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी व विंधन विहिरींच्या पाण्यामुळे मुलांच्या दातांवर दिसणारे डाग याच विकाराचे आहेत. फ्लोराइडचे अल्प प्रमाण किडीपासून संरक्षण देते, हेही याच शोधातून पुढे कळले.

== अखेर ==

आंतरराष्ट्रीय दंतवैद्य महासंघाचा पहिला मिलर पुरस्कार १९१० मध्ये ब्लॅक यांना मिळाला. दंतविकृतींवरील त्यांचा अखेरचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. १९१८ मध्ये शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांचे पुत्र आर्थर ब्लॅक हेही दंतवैद्य होते. त्यांनी वडिलांच्या ग्रंथांच्या पुढील आवृत्त्या सांभाळल्या व नॉर्थवेस्टर्नच्या दंतशाळेचे अधिष्ठातापदही भूषविले. ती शाळा २००१ मध्ये बंद झाली.

दात दुरुस्त करण्यापेक्षा त्यांचे रोग टाळणे हेच या व्यवसायाचे मुख्य काम होईल, असा दिवस येणार असल्याचे ब्लॅक विद्यार्थ्यांना सांगत. तो दिवस जवळ आला तेव्हा त्यांच्याच एका नियमाला बाजूस सरावे लागले. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दंतवल्कावर आम्ल लावून त्यावर राळेसारखे द्रव्य चिकटविण्याची रीत शोधली. भर दाताला चिकटू लागली, फ्लोराइडचा वापर वाढला आणि निरोगी भाग कोरण्याची आवश्यकता उरली नाही. आजच्या विद्यार्थ्याला पोकळ्यांचे वर्ग ब्लॅक यांचे शिकविले जातात आणि पोकळी शक्य तेवढी लहान ठेवण्यासही सांगितले जाते.